गॉब्लिन ‘का ओ पावणं’ म्हणाला तेव्हा… (टेबलावरचे किस्से आणि कल्पना)

गुहेतला_गुरव

दर शनिवारी संध्याकाळी साडेपाचपासून शेवटच्या सोयीच्या लोकलपर्यंत आमच्या डोंबिवलीच्या हॉलमध्ये डंजन्स अँड ड्रॅगन्स चालतं, म्हणजे फासे टाकत मिळून गोष्ट रचायचा खेळ. खेळाडू पाच, डीएम (गोष्ट चालवणारा, बाकी सगळ्या पात्रांचे आवाज काढणारा) मी. पहिले सहा महिने इंग्रजीत खेळलो, म्हणजे वर्णन इंग्रजीत आणि भांडण मराठीत. मग एका शनिवारी घसा बसलेला, इंग्रजी आवाज काढायचं नाटक जमेना, म्हणून गॉब्लिन मराठीत बोलला. तेव्हापासून आमच्याकडे सगळेच मराठीत बोलतात.

(२०१४ चा स्टार्टर सेट, म्हणजे नवख्यांसाठीचं तयार साहस, ज्यांना अजून खेळायचाय त्यांनी पुढचा भाग गाळा. रहस्यभेद आहे.)

सुरुवात सगळ्यांना पाठ असेल. रस्त्यात मेलेले घोडे, झुडपात चार गॉब्लिन, मग त्यांची गुहा. गुहेत यीमिक नावाचा दुय्यम गॉब्लिन एका कैद्याला कड्याच्या टोकाशी धरून उभा असतो आणि सौदा मांडतो: आमचा म्होरक्या क्लार्ग मारा, तुमचा माणूस घेऊन जा. इंग्रजीत तो समोरच्याला ‘यू’ म्हणतो आणि मोकळा होतो. मराठीत मात्र तोंड उघडायच्या आधीच ठरवावं लागतं की हा तू म्हणणार, तुम्ही म्हणणार की आपण. मी काहीच ठरवलं नव्हतं. तोंडातून निघून गेलं, “का ओ पावणं, जरा दमानं घ्या की.”

सगळे खो खो हसले. पण त्यानंतर एकानंही हल्ला जाहीर केला नाही! ह्याच मंडळींसाठी गेले सहा महिने गॉब्लिन म्हणजे ७ हिट पॉइंट (किती मार सोसतो), १५ आर्मर क्लास (वार लागायला किती पडायला हवं), विषय संपला. आता आमचा क्लेरिक (पुजाऱ्याचं पात्र, खेळणारा मूळचा कराडचा) म्हणतो, “दमानंच आलोय. तुमीच मानूस टांगून ठिवलाय.” पुढं पंधरा मिनिटं सोयरीक जुळवताना होतात तशी बोलणी. पावणं म्हणणाऱ्याच्या डोक्यात गदा घालायला हात उचलत नाही.

क्लार्ग पुस्तकात स्वतःबद्दल तिसऱ्याच माणसाबद्दल बोलावं तसं बोलतो. त्याला मी ‘आम्ही’ दिलं. “आमच्या गुहेत येऊन आम्हांसच नाव विचारता?” बस्स. गुहेतला दांडगट बगबेअर एका वाक्यात सरंजामदार झाला.

खरी गंमत नंतर झाली. क्लार्ग पडला. यीमिक हात झटकत आला आणि आमच्या हाफलिंग विझर्डला (बुटक्या जादूगारणीला) म्हणाला, “बरं झालं. आता तू ती पिशवी खाली ठेव.” ती खेळणारी मुलगी एकदम ताठ बसली. म्हणाली, “थांबा. हा मला तू म्हणाला.”

मी ‘इनसाइट’चा (समोरच्याच्या मनातलं ओळखायचा) फासा टाकायला सांगणार होतो. त्याची गरजच उरली नाही. दगा मी मनात ठरवला होता, आणि तो माझ्याच सर्वनामातून बाहेर पडला होता. मागं तीन गॉब्लिन धनुष्य ताणून उभे होते, ते पार्टीला, म्हणजे खेळाडूंच्या टोळीला, सापडले. यीमिकला बांधला, पण मारला नाही. गेले आठ महिने तो ह्यांची पोती वाहतो आणि सगळ्यांना पुन्हा ‘तुम्ही’ म्हणतो.

तुमच्या टेबलावरचं असं काही असेल तर सांगा. नियमांवरच्या चर्चा खूप झाल्या, घडलेलं लिहा.

पावशेर_पराक्रम

जियो! ‘पावणं’ ढापलेलं आहे, कळावे.

तिरकी_सोंगटी

आमचं टेबल ठाण्याचं. डीएम साताऱ्याकडचा, खेळाडू सगळे सोसायटीत वाढलेले. एकदा त्यानं अगदी रंगवून सांगितलं: संध्याकाळ झालीय, जंगल संपलंय, समोर एक मोठी बारव आहे.

आमचा रेंजर: किती लांब?
डीएम: शंभरेक फूट.
रेंजर: तिनं आपल्याला पाहिलंय का?
डीएम: …बारवेनं?
रेंजर: मी बाण सोडतो. (फासा.) एकोणीस!
डीएम: लागला. बारवेलाच लागणार, दुसरं आहे काय तिथं.
रेंजर: मग? जखमी झाली का?
डीएम: अरे ती बारव आहे. पायऱ्यांची विहीर!

त्या दिवसापासून टेबलावर काही अनोळखी दिसलं की पहिला प्रश्न “बारव आहे का?” हाच असतो.

दशमान_पद्धत

@तिरकी_सोंगटी, तुमच्या रेंजरला सांगा की तो एकटा नाही. ऐंशीच्या दशकापासून अमेरिकेत हुबेहूब असाच किस्सा फिरतोय. तिथं गझीबो होता, म्हणजे बागेतला छत्रीवजा मंडप. खेळाडूला शब्द माहीत नव्हता, त्यानं आधी हाक मारली, मग बाण मारला. शेवटी डीएम इतका वैतागला की गझीबोनंच उठून त्याला गिळलं.

अवांतर: आमच्या डीएमला आम्ही शकुनीमामा म्हणतो. पडद्याआड फासे टाकतो आणि त्याच्या राक्षसांना नेमके अठराच पडतात. डीएमनं फासे लपवावेत की नाही, ह्यावर मंडळींचं काय मत?

शून्य_जीव

लपवू नयेत. आणि हे मी ज्याचं पात्र त्यामुळंच मेलं असा माणूस म्हणून सांगतोय.

दोन वर्षं खेळवलेला ड्वार्फ होता माझा. पुलावर पडला, जीव शून्यावर. माहीत नसेल त्यांच्यासाठी: खेळाच्या पाचव्या आवृत्तीत शून्यावर आलात की दर पाळीला एक डी२० (वीस बाजूंचा फासा) टाकायचा. दहा किंवा जास्त म्हणजे तग धरली, नऊ किंवा कमी म्हणजे एक पाऊल पलीकडे. तीन वेळा तग धरली तर वाचलात, तीन पावलं गेलात तर गेलात. वीस पडला तर एका जीवावर उठून बसता, आणि एक पडला तर ते एकदम दोन पावलं धरतात.

पहिला फासा चौदा. दुसरा सहा. क्लेरिक एका पाळीवर येऊन ठेपलेली. तिसरा फासा मी सगळ्यांसमोर टाकला आणि एक पडला.

कोणी बोलेना. डीएमनं पुस्तक मिटलं आणि चहा टाकायला उठला. त्यानं पडद्याआड टाकून “बारा” म्हटलं असतं तर मला कळलंही नसतं. पण मग आधीच्या दोन वर्षांतला एकही विजय माझा राहिला नसता. आजही भेटलो की त्या ड्वार्फचा विषय निघतो. जिवंत असलेल्या पात्रांची नावं आठवत नाहीत.

दशमान_पद्धत

मान्य. पण मग चूक डी२०ची नाही का? एकाच फाशावर एक ते वीस सगळ्यांना सारखी संधी, प्रत्येकी ५ टक्के. म्हणजे वीस वर्षं तलवार चालवलेला माणूस वीसातून एकदा हमखास माती खाणार. ‘अ‍ॅडव्हांटेज’ मिळालं तर दोन फाशांतला मोठा घ्यायचा, तेव्हा वीस पडायची शक्यता ९.७५ टक्के होते. सरासरी साडेदहावरून पावणेचौदाच्या थोडी वर जाते. तरीही लहरीपणा उरतोच.

मला ती दोन साध्या फाशांची पद्धत आवडते, २०१० च्या सुमारास आली ती. बेरीज सहा किंवा कमी: फसलं. दहा किंवा जास्त: जमलं. मधले सात ते नऊ: जमलं, पण किंमत मोजून. वरून काही मिळवायचं नसेल तर ३६ पैकी १५ वेळा हे मधलंच पडतं. आणि आयुष्यात बहुतेक वेळा तेच होतं की. कुलूप उघडलं, पण सुरा आत अडकला. सरदार तयार झाला, पण आता त्याच्या मेहुण्याला बरोबर न्यायचंय.

(डी२०ची जन्मकथा माहीत आहे ना? १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसननं पहिला खेळ काढला, पेटीत तीन पुस्तिका, प्रती फक्त १०००. वीस बाजूंचे फासे त्यांनी शोधले नव्हते. शाळेत गणित शिकवायला घनाकृतींचे संच मिळायचे, त्यातले उचलले.)

पावशेर_पराक्रम

मेहुण्याला बरोबर न्यायचंय +१. आमच्या कॅम्पेनमधला सर्वात भयानक राक्षस.

टाकीचे_घाव

धागा उशिरा पाहिला. माझ्याकडे किस्सा नाही, नकाशा आहे.

गेल्या हिवाळ्यात दौलताबादला, म्हणजे देवगिरीला गेलो होतो. तोवर मी डंजन काढायचो ते चौकोनी खोल्या, मध्ये बोळ, प्रत्येक खोलीत काहीतरी चावणारं. देवगिरी चढताना लाज वाटली. आधी तटबंदीमागून तटबंदी, वाकडे दरवाजे, दारांवर हत्तीसाठी खिळे. मग खंदक, आणि डोंगराची खालची बाजू चक्क तासून सरळ भिंत केलेली, पाय ठेवायला खाच नाही. वर जायला एकच वाट, ती म्हणजे अंधारी. कातळातलं काळोखं भुयार, पायऱ्या मुद्दाम लहानमोठ्या, वाटा फुटलेल्या. उजेड दिसला म्हणून धावाल तर सरळ खाली खंदकात, असं गाइड सांगतात. आणि वरच्या तोंडाशी लोखंडी झाकण. त्यावर निखारे पेटवले की भुयारात धूर.

हा धूर मला फार आवडला. कारण पाचव्या आवृत्तीत अंधाराची भीतीच उरलेली नाही. एल्फला अंधारात दिसतं, ड्वार्फला दिसतं, टीफलिंगला दिसतं, हाफ-ऑर्कला दिसतं. मशाल घेऊन फिरतो तो बिचारा माणूस आणि हाफलिंग. पण ‘डार्कव्हिजन’ अंधारात चालते, दाट धुरात नाही. किल्ला बांधणाऱ्यांनी ते कोडं कधीच सोडवून ठेवलंय, आपण उगाच जादूचे अंधार शोधत बसतो.

मी किल्ला जसाच्या तसा टेबलावर मांडला. एकच बदल केला, खंदकातून वर यायची एक चोरवाट दिली, कारण एकाच वाटेचा नकाशा म्हणजे रांग. दोन वाटा असल्या की खेळाडू भांडतात, आणि भांडले की खेळतात. तीन सेशन त्या भुयारात गेली. एकही राक्षस ठेवला नव्हता.

अजून एक आयतं मिळालं. १२९६ मध्ये अलाउद्दीन खिलजीनं वेढा घातला तेव्हा रामदेवरायाच्या लोकांनी घाईघाईत पोती गडावर घेतली, आणि ऐन वेळी उघडली तर धान्याऐवजी मीठ, अशी कथा सांगतात. मी माझ्या खेळाडूंना गड ‘राखायला’ दिला. तलवारी मोजल्या, बाण मोजले, तेल मोजलं. पोती कोणीच उघडली नाहीत.

गुहेतला_गुरव

@टाकीचे_घाव, हा नकाशा मला हवाय. नाही म्हणू नका.

टाकीचे_घाव

व्यनि (खासगी निरोप) केलाय. लोखंडी झाकण काढू नका म्हणजे झालं, ते उचलून धरायला कोणीतरी मागं राहावंच लागेल असं ठेवलंय.

नवखा_बार्बेरियन

सगळं वाचतोय, निम्मं कळतंय. दोन प्रश्न. पुस्तकं महाग आहेत, त्याशिवाय सुरू करता येतं का? आणि माझी भाची दहा वर्षांची आहे, तिला मराठीत खेळवायचं तर हे सगळे शब्द मराठीत कोणी केलेत का?

तिरकी_सोंगटी

पहिल्याचं उत्तर: येतं. जानेवारी २०२३ मध्ये खेळाच्या परवान्यावरून मोठी बोंबाबोंब झाली, त्यानंतर कंपनीनं पाचव्या आवृत्तीचे मूलभूत नियम क्रिएटिव्ह कॉमन्सखाली खुले केले. फुकट उतरवून घ्या, श्रेय द्या आणि हवं तर भाषांतरही करा.

दुसऱ्याचं: शब्दकोश घेऊन बसू नका. मी एकदा ‘आर्मर क्लास’ला ‘चिलखतांक’ केलं होतं, पुतण्या म्हणाला हे परीक्षेला येणार आहे का? मुलांकडे शब्द आहेतच. हिट पॉइंटला ती आपसूक ‘जीव’ म्हणतात. “तुझे किती जीव उरले?” इनिशिएटिव्ह म्हणजे पाळी. नवीन आलेला भिडू पहिल्या सेशनला ‘लिंबूटिंबू’, त्याचं पात्र मरत नाही. आणि कोणाला एखादा प्रसंग नकोसा झाला, भीती वाटली, रडू आलं, तर “टाइम प्लीज!” परदेशात ह्यासाठी टेबलावर एक्स लिहिलेलं कार्ड ठेवतात. आपण ते आठव्या वर्षीच गल्लीत शिकलो, मुठीवर थुंकी लावून.

मोठ्यांच्या टेबलावरही “टाइम प्लीज” ठेवलंय. कार्डाला हात लावायला लोक लाजत होते, ह्याला लाजत नाहीत.

कातरवेळ

मोठ्यांना तर जास्तच लागतं. मी एका ऑनलाइन टेबलावर चार महिने खेळले. डीएमनं कादंबरी लिहून ठेवली होती, आम्ही फक्त माना डोलवायच्या. दार तोडायचं म्हटलं तर दार तुटत नाही, मागं फिरायचं म्हटलं तर दरड कोसळते. एकदा माझ्या पात्राचं लग्नसुद्धा परस्पर ठरवलं त्यानं, माझ्या नकळत! सोडलं ते टेबल.

हो, भूतं आपली घ्यावीत का ह्यावर कोणी लिहीलच. मी हडळ आणि मुंजा दोन्ही वापरलेत. मुंजाला पिंपळाच्या साठ फुटांच्या आत पूर्ण ताकद, बाहेर निम्मी. झकास चालतो.

व्हय_म्हाराजा

लिहितोच. मुंजा ठीक आहे, पण माझ्या एका मित्रानं परवा ‘राखणदार’ काढला. ११० हिट पॉइंट, चार हल्ले. मी सिंधुदुर्गातला. आमच्याकडे राखणदाराला नारळ देतात, भाकरी ठेवतात, वाट चुकलेल्या माणसाला तो काठी आपटत घरापर्यंत सोडतो. त्याला हिट पॉइंट दिलेस म्हणजे तू त्याला मारायची सोय केलीस. मारायचं असेल तर ऑर्क आहेत की.

भांडलो, मग दोघांनी मिळून हे केलं. राखणदाराला आकडेच नाहीत. समोर आला तर एका खेळाडूनं गाऱ्हाणं घालायचं. खरोखर, टेबलावर, उभं राहून. “बा देवा राखणदारा, आज तुझी लेकरां तुझ्या शिवेत इली हत…” आणि बाकीच्यांनी प्रत्येक वाक्याला “व्हय म्हाराजा” म्हणायचं. गाऱ्हाण्यात पार्टीनं केलेली एक खरी चूक कबूल केली की लक्ष्य-आकडा दोननं उतरतो. पंचविसापासून सुरुवात. एखाद्यानं “व्हय म्हाराजा” म्हटलं नाही, तर ते वाक्य धरायचं नाही.

पहिल्यांदा खेळलो तेव्हा लोक हसत होते. चौथ्या कबुलीला कोणी हसत नव्हतं. आमच्या ‘रोग’नं (चोराचं पात्र) सांगितलं की पहिल्या गावातली देवळाची पेटी तिनं फोडली होती. आम्हाला दीड वर्ष माहीत नव्हतं.

कातरवेळ

मूळ धाग्याला धरून एक बघा. गाऱ्हाण्यात देवाला ‘तू’ आहे. यीमिकचा ‘तू’ म्हणजे दगा, हे प्रत्येक वेळी खरं नाही. देवाला तू, आईला तू, जिवाभावाच्या माणसालाही तूच.

दशमान_पद्धत

शंका रास्त. सर्वनामाला ‘इनसाइट’चा पर्याय मानायचं तर चुकायची सोयही हवी.

गुहेतला_गुरव

पंधरा दिवसांनी येतोय. @कातरवेळ, तुम्ही हे आधी बोललात म्हणून तुम्हालाच जास्त राग येईल.

काल आम्ही @टाकीचे_घाव यांची अंधारी खेळलो. खालून शत्रू, वरून निखारे, भुयारभर धूर. शेवटचं लोखंडी झाकण यीमिकनं खांद्यावर तोलून धरलं. सगळे एकेक करून बाहेर पडले. आत उरले दोघं, यीमिक आणि आमची हाफलिंग विझर्ड. धुरानं त्याचे दोन जीव खाल्लेले. मी त्याला साध्या गॉब्लिनचे सातच दिले होते, म्हणजे उरले पाच.

मी यीमिकच्या आवाजात म्हणालो, “तू हो पुढं. मी बघतो हितलं.”

शपथेवर सांगतो, ठरवून म्हटलं नव्हतं. आठ महिने पोती वाहिलेला माणूस शेवटी असंच बोलेल, म्हणून आलं तोंडात. पण तिनं फक्त ‘तू’ ऐकलं. पाळी तिचीच होती. “खंजीर!” म्हणाली आणि डी२० टेबलावर. सतरा. त्याचा आर्मर क्लास पंधरा.

फासा थांबला तेव्हा तिला कळलं. तिचा चेहरा बघून आम्हा सगळ्यांना कळलं. पण टाकलेला फासा परत घ्यायचा नाही, हा आमच्या टेबलाचा पहिल्या दिवसापासूनचा नियम.

खंजिराचा घाव म्हणजे डी४ (चार बाजूंचा फासा), अधिक दोन. एक किंवा दोन पडला तर यीमिक वाचतो, तीन किंवा चार पडला तर संपला. तिनं डी४ टाकला. टेबलावरून उसळला आणि सोफ्याखाली गेला. नऊ चाळीसची गाडी होती, सगळे उठले. दुसरा फासा टाकायला ती तयार नाही. म्हणते, टाकलाय मी, तिथं पडलाय.

दशमान_पद्धत

नियमात सोय आहे! हातघाईच्या वारानं कोणाला शून्यावर आणलं, तर ठार करायचं की बेशुद्ध, हे वार करणारा ठरवतो. तिला सांगा लगेच.

गुहेतला_गुरव

सांगितलं. ती म्हणाली, बेशुद्ध झाला तर झाकण कोण धरणार?

शून्य_जीव

सोफा हलवू नका.